अश्विनीच्या कार्याची सुपारी

आधी चहा घ्या, गार होईल. हा किस्सा सुरू झाला की तुम्ही पहिल्यांदा हसणार, आणि थोड्या वेळानं, हसलो म्हणून माझ्यावरच चिडणार. चिडा. आमच्या घरात दोघं आधीच चिडलेली आहेत, त्यांच्यात तुमची भर.

शहापूर-किन्हवलीच्या पट्ट्यात हळदीला वाजवणारी आमची तीन भावंडांची पार्टी. दादा ढोलकीवर. तो वाशिंदला कंपनीत आहे, शिफ्ट सांभाळून वाजवतो. धाकटी कुंदा गाते. तिला मुरबाडला दिली आहे, कार्यक्रम असला की एसटीनं येते. आणि मधला मी, सुरेश. माझा कॅसिओ. एरवी शहापुरात मोबाइल दुरुस्त करतो.

याशिवाय पार्टीत एक वाद्य आणखी होतं, माझं तोंड. सुपाऱ्या घ्यायचं काम त्याच्याकडे. दादाकडे फोन दिला तर तो 'हां' आणि 'नाय' एवढंच बोलतो. समोरच्याला वाटतं, चुकून पोलीस स्टेशनला लागला. मी मात्र फोनवरच हळद लावून मोकळा होतो.

त्या वर्षी आमचं काही खरं नव्हतं. आता लोकांना डीजे लागतो. भिंतीएवढे स्पीकर, पोटात धडधड झाली पाहिजे. आमची ढोलकी कोण ऐकतो? दादानं सांगून टाकलं होतं, "एवढा सीझन बघू. नायतर सामान विकून टाकू. कुंदाला तरी किती दिवस सासरहून ओढून आणायची?"

घरी गेल्यावर कुंदानं गाण्याची वही पेटीत टाकली, असं तिच्या नवऱ्यानं मला सांगितलं. त्यामुळे मी असा टेकीला आलो होतो की यमाचा फोन आला असता, तरी 'तारीख बोला' म्हणालो असतो.

आणि मे महिन्यात फोन आला.

"ती भावंडं वाजवतात, ती तुमीच ना?" एका वयस्कर माणसाचा आवाज.

"आमीच. बोला काका."

"मुरबाडच्या पुढनं बोलतोय, अश्विनीचा बाप. आमच्या अश्विनीचं कार्य हाय. सोमवारी. याल का?"

आता तुम्हीच सांगा. मे महिना, मुलीचं नाव, बाप स्वतः फोन करतोय, आणि 'कार्य हाय' म्हणतोय. तुम्ही काय समजला असता?

"अरे वा! अभिनंदन काका," मी म्हणालो.

तिकडून काहीच नाही. मुरबाडच्या पुढे डोंगराकडे रेंज जाते, मला माहीत आहे. मी बोलत राहिलो. "हॅलो, ऐकायला येतंय ना? एकच मुलगी का आणखी आहेत?"

"एकच."

"किती वाजता यायचं?"

"सकाळी या. दहाला."

हळद सकाळी? आपल्याकडे संध्याकाळशिवाय कुणी हळदीला हात लावत नाही. म्हटलं, उन्हाच्या आधी उरकत असतील.

"जेवायला काय ठेवलंय?" हे मी दादासाठी विचारतो.

"गोडाचं हाय."

हळदीला गोडाचं? आमच्या गावात हळदीला मटण नसलं तर पाहुणे वर्षभर बोलत नाहीत. म्हटलं, माळकरी असतील. माणसानं एकदा गाढव व्हायचं ठरवलं की प्रत्येक गोष्टीला कारण सापडतं.

"आणि काका, नाचायला जागा आहे ना?"

"अंगण मोठं हाय. माणसं बसतील."

"बसतील कशी? बसलेल्याला उठवायचं, हेच तर आमचं काम."

परत शांतता. ही जरा लांबली. मग त्यांनी घसा खाकरला, आणि पुढचं बोलले तेव्हा आवाज थोडा निराळा वाटला. मऊ झाल्यासारखा.

मी विचारलं, "नवरा मुलगा कुठला?"

"लांबचा हाय."

"मुंबईचा?"

"त्याच्याही पलीकडचा."

"मग ती तिकडंच राहणार?"

"तिकडंच."

"साडी कुठल्या रंगाची घेतलीय? आमची कुंदा त्याच रंगाची नेसते, फोटो छान येतो."

"पिवळी," ते म्हणाले. "तिनंच ठरवली होती. पिवळीच पायजे म्हणायची."

आता इथं फोन ठेवायला काय हरकत होती? पण नाही. मुलीच्या बापाचा आवाज जड आला की मी एक भाषण करतो. कुंदाच्या लग्नात आमचे बाबा कोपऱ्यात बसून रडले होते, तेव्हा पहिल्यांदा केलं, आणि मग ते पाठच झालं. ते मी काकांना ऐकवलं.

"काका, मनाला लावून घेऊ नका. पोरगी कधीतरी जाणारच असते. पण ती घरातनं जाते, घरच्यांतनं जात नाय. पहिले दिवस जड जातात. ताट वाढताना हात एक ताट जास्तीचं घेतो. होऊ द्या. आमच्या बाबांचं पण झालं. आणि दिवाळीला येईलच की ती."

"येईल?" त्यांनी विचारलं.

"येणार म्हणजे काय, येणारच. बापाला सोडून जाते कुठं?"

ते "बरं" म्हणाले. थोडं थांबून परत "बरं" म्हणाले, आणि फोन ठेवला. मी दुकानात बसून स्वतःवर खूश. म्हटलं, सुऱ्या, काय बोलतोस तू. माणूस गहिवरला.

सोमवारी सकाळी निघालो. ओळखीच्याचा पिकअप घेतला होता, दादा चालवायला. मागं उघड्यावर मी, कॅसिओ, दोन स्पीकर, बॅटरी आणि कुंदा. मुरबाडच्या स्टँडवर ती वाट बघत उभी होती. पिवळी साडी, केसांत अबोली. मला चमकीचा कुर्ता. दादाला सुद्धा फेटा बांधायला लावला होता. तो नको म्हणत होता.

गावाचं नाव सांगत नाही. मुरबाडच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी. गावात शिरताना वाजवत शिरायचं, ही माझी कल्पना. डीजेवाले काय करतात? येताना लांबून धडधड ऐकवतात. मग आपण का नाही? वेशीजवळ मी कॅसिओ चालू केला, आवाज वर नेला, आणि कुंदानं हळदीचं गाणं उचललं. गल्लीतली माणसं दारात येऊन बघायला लागली. कोणी हसलं नाही, कोणी नाचलं नाही. मला वाटलं, भारावली.

मी ड्रायव्हरच्या केबिनला पाठ करून उभा होतो, म्हणजे पुढचं मला काही दिसत नव्हतं. गाडी थांबली. कुंदाचं गाणं मधेच तुटलं. मला वाटलं, दम लागला. पार्टीचा आवाज पडू द्यायचा नाही, म्हणून मी तिच्या हातातला माइक घेतला आणि ओरडलो, "मंडळी, बसलात काय? उठा! आणि नवरी कुठाय आमची? आणा तिला बाहेर!"

कुंदानं माझा दंड धरला. नखं रुतली इतक्या जोरात.

मी वळलो.

मांडव होता, पण पांढऱ्या कापडाचा. खाली सतरंजीवर माणसं बसली होती, पुरुषांच्या डोक्यांवर टोप्या, बायका डोक्यावरून पदर घेतलेल्या. समोर खुर्चीवर एका मुलीचा फोटो, त्याला हार. मुलगी हसत होती. माझा कॅसिओ अजून आपला ताल वाजवतच होता, तो बंद करायचं मला सुचलं नाही. दादानं केबिनमधून उतरून मागं येऊन बॅटरीची वायर काढली.

लग्न हे कार्य. तेरावं हेही कार्यच. हे मला लहानपणापासून माहीत होतं हो. माहीत असून काय उपयोग?

एक दांडगा माणूस उठून गाडीकडे धावला. मागून कळलं, तो अश्विनीचा मामा. "लाज नाय वाटत? पोरगी गेली आमची, आनि तुमी नाचायला आलात?" त्यानं माझ्या कुर्त्याला हात घातला. मला त्यानं मारावं असंच वाटत होतं. मारलं असतं तर निदान काहीतरी झालं असतं.

तेवढ्यात मांडवातून एक बारीक अंगाचे गृहस्थ आले. त्यांनी मामाचा हात सोडवला. "राहू दे. त्यांना मी बोलावलंय."

"असलं सोंग घेऊन?"

"असंच या म्हणून सांगितलं होतं मी."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. असं काही ते म्हणाले नव्हते. माणूस स्वतःच्या मुलीच्या तेराव्याला, ज्यानं तिला नवरी म्हणून हाका मारल्या त्याला वाचवायला खोटं बोलत होता. मी उतरलो, त्यांच्या पायाशी वाकलो. "काका, मला वाटलं..."

"आधी पाणी प्या," ते म्हणाले. मला वाक्य पुरं करू दिलं नाही.

माझ्या मनात होतं, गाडी वळवावी आणि पळावं. दादाला खुणावलंही. पण दादा फेटा काढून सतरंजीवर जाऊन बसला होता, ढोलकी मांडीवर. कुंदा त्याच्या बाजूला. मग मीही जाऊन बसलो.

काकांनी सांगितलं ते असं. अश्विनी नर्सिंगचं शिकत होती. तापाचं निमित्त झालं, आणि आठवड्याच्या आत गेली. गेल्या वर्षी चुलत बहिणीच्या हळदीत तिनं आम्हाला ऐकलं होतं. तेव्हापासून घरात म्हणायची, माझ्या हळदीला डीजे नको, ही भावंडं पायजेत.

"हळद काय आता व्हायची नाय," काका म्हणाले. "भजनवाले बोलवा म्हणाले सगळे. मी म्हटलं, तिला पायजे होते ते बोलवू. म्हणाल का काहीतरी? बारीक आवाजात म्हणा."

"काय म्हणू?" कुंदानं विचारलं.

"हळदीचंच म्हण गो."

मांडवात कुजबुज झाली. तेराव्याला हळदीचं गाणं कुणी ऐकलंय? कुंदानं दादाकडे बघितलं. दादानं मान हलवली आणि ढोलकीवर नुसती बोटं ठेवली, वाजवली नाही. आमच्या आईनं तिला शिकवलेला धवळा आहे, नवरीला हळद लावताना बायका म्हणतात तो. तो तिनं धरला. माइक नाही, स्पीकर नाही. माझा कॅसिओ तर मेलेलाच होता. मी मांडीवर हात ठेवून बसलो होतो. इतकी वर्षं मी त्या दोघांच्या मधे वाजवत आलो, पण कुंदा कुठं श्वास घेते आणि दादा तिच्यासाठी कुठं थांबतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं.

दुसऱ्या कडव्याला मागच्या बायकांतून एक म्हातारा आवाज मिसळला. मग आणखी एक. घरातून एक बाई बाहेर आली, उंबऱ्याला धरून उभी राहिली. ती अश्विनीची आई. इतका वेळ ती बाहेरच आली नव्हती, असं नंतर कळलं. ती चालत येऊन कुंदाच्या पुढ्यात बसली आणि तिच्या साडीचा काठ दोन बोटांत धरून बघत राहिली. कुंदा गायची थांबली.

"काकू, मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर ही नेसून आले नसते."

"असू दे गो," त्या म्हणाल्या. "पिवळीच बरी. म्हण तू."

कुंदानं पुढं म्हटलं. आवाज फुटला, पण म्हटलं. मघाचा तो मामा खांबाला टेकून तोंडावर टोपी धरून रडत होता. आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. लापशी होती. मला एक घास जाईना, आणि वाढणारा म्हणे, घ्या की, लाजता काय.

परत येताना गाडीत तिघं पुढंच बसलो. मग मी फोनवरचं सगळं सांगून टाकलं. अभिनंदन, नवरा कुठला, साडी, ते भाषण. दिवाळीचंही.

दादा म्हणाला, "सुऱ्या, यापुढं फोन मी घेणार."

कुंदा खिडकीबाहेर बघत होती. "तू त्यांना सांगितलंस, दिवाळीला येईल?"

"मला काय माहीत होतं गो..."

"मग आता दिवाळीला कोण जाणार?"

मला वाटलं, रागानं बोलली. पण कुंदा तशी बोलत नाही. पावसाळा गेला, भात कापून झालं, आणि दिवाळीच्या तोंडावर तिचा फोन. "त्यांच्याकडे पहिली दिवाळी हाय. घरात तळण करणार नायत. फराळ आपण न्यायला पायजे. दादाला सांगितलंय, तू पण चल." असं तिचं ठरवून झालं होतं.

गेलो. यावेळी साधे कपडे, वाद्य एकही नाही. रस्ताभर मी मनात तयारी करत होतो. आज सांगायचंच. काका, तुमच्या दुःखात मी लग्नाच्या गप्पा मारल्या, माफ करा. महिने झाले, जेवताना घास हातात राहायचा, इतकं ते मनात बसलं होतं.

काकू कुंदाला आत घेऊन गेल्या. आम्ही ओट्यावर बसलो. चहा आला. मी कप खाली ठेवला. "काका, एक सांगायचं होतं. तुमचा फोन आला होता ना, तेव्हा मला वाटलं होतं की अश्विनीचं..."

"लगीन हाय," काका म्हणाले.

मी कप परत उचलला.

"ठाऊक हाय मला. तुमी अभिनंदन म्हणालात, तेव्हा वाटलं, चुकीचं ऐकलं. मग म्हणालात, बसलेल्याला उठवतो, तेव्हा कळलं."

"मग सांगितलं का नाय?"

"सांगणारच होतो." ते अंगणाकडे बघत होते. "पण तेवढ्यात तुमी विचारलंत, नवरा मुलगा कुठला. असं मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. ती गेल्यापास्नं जो येई तो विचारी, काय झालं, कसं झालं, किती ताप होता. तुमी साडीचा रंग विचारलात. म्हटलं, चालू दे. फोनवर तरी होऊ दे तिचं लगीन. मी कशाला मोडू?"

दादा चहा पीत होता, तो तसाच थांबला. मी कपाची कड बोटानं पुसत बसलो. बोलण्यासाठी प्रसिद्ध माणूस मी.

"म्हणून तुमी तसे कपडे घालून आलात त्याचं मला काय वाटलं नाय," काका म्हणाले. "तुमी माइकवरनं नवरीला हाक मारलीत, तेव्हा मात्र..." आणि ते थांबले.

आतून काकू आणि कुंदा आल्या. काकूंच्या हातात मोबाइल होता, अश्विनीचा. "हिला दाखवत होते. तुमी पण बघा. त्या हळदीत पोरीनं काढलेलं."

व्हिडिओ लागला. मांडव, लाइटी, कुंदा गातेय, दादाची ढोलकी. मी मधे, मान हलवत, अगदी रंगात. आणि कडवं चढायच्या ठिकाणी माझा एक सूर असा काही चुकला की विचारू नका. म्हशीच्या शेपटीवर पाय पडावा तसा. व्हिडिओत दादा कपाळाला हात लावतो. आणि मोबाइलच्या अगदी जवळून, कानात सांगितल्यासारखं, एका मुलीचं हसणं येतं. आवरत नाही असं. हसताहसता ती कुणाला तरी म्हणते, "अगो तो कॅसिओवाला बघ, परत चुकला. माझ्या हळदीला हाच पायजे. लई मजा येईल."

व्हिडिओ संपला. मग काकूंना हसू आलं, पदर तोंडावर धरला तरी आलं. काका हसले. कुंदा हसताना रडत होती, का रडताना हसत होती, मला सांगता येणार नाही. दादा तर असा हसला की त्याला ठसका लागला.

इतकी वर्षं मी समजत होतो, लोक आम्हाला दादाच्या ढोलकीसाठी नाहीतर कुंदाच्या गळ्यासाठी बोलावतात, आणि मी आपला जोडीला. आम्हाला मनापासून मागणारी एकच मुलगी निघाली, आणि तिला मी हवा होतो. बेसूर होतो म्हणून.

काकांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. "परत लावू? तुमाला वाईट नाय ना वाटनार?"

"लावा काका," मी म्हटलं. "आवाज जरा वाढवा."